लाइट बिलावर नाव कुठं लिहायचं?

सरांच्या शाळेत पंच्याहत्तर इंची टीव्ही आला, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन भांडी आपटली. सर म्हणजे माझा नवरा. गावात सगळे त्यांना सर म्हणतात. मी एरवी ‘अहो’ म्हणते, पण चिडले की मीही सर म्हणते. ही हकिकत सांगताना मी मधूनमधून पुन्हा चिडणार आहे, म्हणून इथेही सरच.

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक. बदल्यांमध्ये नवरा-बायकोला जवळजवळच्या शाळा मिळतात, तशा आम्हाला श्रीगोंदा तालुक्यात मिळाल्या. घर काष्टीत, मोटारसायकल एक. सकाळी सर मला माझ्या वस्तीवरच्या शाळेत सोडतात आणि तसेच पुढे तीन किलोमीटरवर त्यांच्या गावाला जातात. त्यांचं गाव कालव्याखालचं. ऊस, दुमजली घरं, प्रत्येक दारात चारचाकी. माझी वस्ती कालव्याच्या वरच्या अंगाला. आम्हाला कालव्याचं पाणी दिसतं, मिळत नाही. विहिरीवर झेंडू निघतो, कांदा निघतो, आणि माणसं फार कोणाकडे मागायला जात नाहीत. त्यांच्या शाळेत पाच शिक्षक. माझ्या शाळेत दोन, त्यातली एक मी.

आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुलस्केप कागद घेऊन बसले आणि त्यांनी अंदाजपत्रक लिहिलं. हाताने पानं उलटता येतील असा मोठा टीव्ही, दहा टॅब, इन्व्हर्टर, वर्गाला रंग, खिडक्यांना पडदे, उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांचे फेटे. फेटेसुद्धा नगावर लिहिले होते. गावाने वर्गणी कबूल केली होती. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“बघ जरा, काही राहिलं का? या बाबतीत तू पक्की आहेस.”

मी पक्की आहे हे खरंच. मला एका मिनिटात दिसलं की फेटे आलेत आणि लाइट बिल राहिलंय. त्यांच्या शाळेची बिलाची बाकी आधीचीच थकलेली, हे मला घरात बसून माहीत होतं. वायरिंग जुनं. गॅरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार, इन्व्हर्टरची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते ती कोण घेणार, नेटचा रिचार्ज कोण मारणार, यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. मी पेन्सिल उचलली आणि कडेला लिहिलं: ‘लाइट बिल? दुरुस्ती? दर महिन्याला कोण?’ मी पेन्सिल जोरात दाबून लिहिते, ती माझी जुनी खोड आहे.

सर ओट्यापाशी चहा करत होते. तिथूनच म्हणाले, “हे एकदा होऊ दे. तुझ्या वस्तीवरची पोरंसुद्धा आमच्याकडे येतील बघ.”

ते थट्टेने बोलले. थट्टा मला कळते. पण माझ्या शाळेचा पट तेव्हा बावीस होता आणि मला रात्रंदिवस त्याच आकड्याचा घोर. सप्टेंबरअखेरच्या पटावर पुढचे शिक्षक ठरतात. पट विसाच्या आत आला की दुसरी शिक्षिका जाणार, मग एका शिक्षकाची शाळा कशाला ठेवायची असं कोणीतरी विचारणार, आणि मग ती उचलून शेजारच्या मोठ्या शाळेत नेणार. शेजारची मोठी शाळा म्हणजे सरांची. वस्तीवरची सहा वर्षांची लेकरं रोज कालव्याच्या कडेने तीन किलोमीटर चालणार. आणि मी नवऱ्याच्या हाताखाली सहशिक्षिका होणार! घरात कधी कोणाच्या हाताखाली राहिले नाही, ती शाळेत राहणार.

मी खोडरबर घेतलं आणि तिन्ही प्रश्न खोडले. कागदावरचा चुरा फुंकला. म्हणाले, “सगळं आलंय.”

हे मी केलं. उगाच गोल गोल सांगण्यात अर्थ नाही.

प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन झालं. आमच्या भागात शाळेला काही दिलं की त्यावर नाव लिहायची पद्धत आहे, आणि मला त्या पद्धतीत काही वाईट वाटत नाही. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’, पाण्याच्या टाकीवर तेच, फळ्यावर तेच. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, तरी लिहितात. सरांच्या टीव्हीच्या चौकटीवर देणाऱ्याच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. दहा टॅबवर दहा स्टिकर. इन्व्हर्टरवर आजीचा फोटोच. सरांना फेटा बांधला, हार घातला, भाषणात कोणीतरी त्यांना तालुक्याचं भूषण म्हटलं. पाठीमागून एक बाई मला म्हणाल्या, “बाई, तुमच्या मालकांनी साळंचं सोनं केलं. तुमची साळा कवा व्हायची अशी?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हसून म्हणाले, “होईल की.” सरांना फेटा छान दिसत होता, त्याचासुद्धा मला राग आला.

पाडव्याला आम्ही शिक्षक घरोघर जाऊन पहिलीची नावं घेतो. वस्तीवर त्या वर्षी सात मुलं सहा वर्षांची झाली होती. चौथीची सहा जाणार होती, त्यामुळे ही सातही मला हवी होती. तीन मिळाली. चार घरांनी सांगितलं की आमचं लेकरू टीव्हीच्या शाळेत घातलं. वर तिसरीतल्या दोघांचे दाखलेही मागितले. दाखल्यांवर सही मी केली आणि ते जायचे होते सरांच्या शाळेत. जूनमध्ये एक व्हॅन यायला लागली. सकाळी सर मला शाळेपाशी उतरवायचे, त्याच वेळी ती व्हॅन समोरून माझी सहा मुलं घेऊन निघायची. पोरं खिडकीतून ओरडायची, “बाई, टाटा!” पट सतरा.

आता माझ्या शाळेतल्या घड्याळांविषयी सांगायला हवं. माझ्या शाळेत चार भिंतींवर चार घड्याळं होती, चारही कोणाकोणाच्या स्मरणार्थ, आणि चारही बंद. एक सव्वानऊला, एक पाच वाजून दहा मिनिटांनी, बाकीच्या दोघांचं सांगत नाही. लोक घड्याळ देतात, सेल कोणी देत नाही. वर्षभर मी सेल बदलत होते, मग मलाही कंटाळा आला. मुलांना वेळ वाचायला शिकवायला मात्र ती बरी पडायची, कारण ती हलत नसत.

पाडव्यानंतर महिन्याभरात आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. हे अध्यक्ष झेंडूचा टेम्पो शिर्डीला नेतात. माणूस सरळ, आवाज मोठा. जेवणाची पंगत उठल्यावर ते माझ्यापाशी आले.

“बाई, आईच्या नावानं साळंला घड्याळ द्यावं म्हन्तो.”

“अध्यक्ष, चार आहेत. चारही बंद आहेत.”

“का म्हनं?”

“सेल कोण देणार? सेलवर नाव लिहिता येत नाही.”

ते हसले. “मग काय देऊ?”

हे मी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला कधीकधी सुचतं, तसं सुचलं. म्हणाले, “आईंच्या महिन्याचं शाळेचं लाइट बिल द्या. दर वर्षी, एवढा एकच महिना. आणि तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी समितीच्या खात्यात.”

“बिल?” त्यांचा आवाज मांडवभर गेला. “आवो बाई, लोक काय म्हन्तील? आईच्या नावानं लाइट बिल भरलं? आन् त्याच्यावर आईचं नाव कुठं लिवायचं?”

प्रश्न खरा होता. आमची सगळी गाडी याच प्रश्नावर अडते. टीव्ही देणारा मिळतो, टीव्ही चालवणारा मिळत नाही, कारण चालवण्यावर रंग बसत नाही. मी म्हणाले, “नाव कुठं लिहायचं ते माझ्यावर सोडा.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने बारा चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात एक महिना. वर लिहिलं, ‘या शाळेतला उजेड’. एप्रिलच्या चौकोनात अध्यक्षांच्या आईचं नाव घातलं. शाळा सुरू झाली तेव्हा परिपाठात, प्रार्थना आणि सुविचाराच्या मध्ये, एक वाक्य वाढवलं: या महिन्याचा उजेड अमक्या आजोबांचा, अमक्या आजींचा. जूनचा चौकोन अजून रिकामा होता, म्हणून पहिल्या दिवशी एप्रिलच्याच आजींचं नाव घेतलं. अध्यक्ष टेम्पो चालू ठेवून फाटकाशी उभे होते. सतरा पोरं त्यांच्या आईचं नाव एका सुरात बोलली आणि हा मोठ्या आवाजाचा माणूस उपरण्याने डोळे पुसत टेम्पोकडे वळला.

त्यानंतर वस्तीवर महिने मागायला लोक यायला लागले. हेवा काय एकट्या माझ्याच घरी राहतो? त्यांच्या आजीचं नाव रोज पोरं घेतात, आणि आमच्या म्हाताऱ्यानं काय घोडं मारलंय! ऑगस्टमध्ये दोन घरांची माणसं गेलेली, त्यांचं वाजलं, शेवटी पंधरा-पंधरा दिवस वाटून दिले. ज्यांच्या वाट्याला मे आला ते घर रुसलं. “सुट्टीत साळा बंद. आमच्या म्हाताऱ्याचा उजेड बगायचा कुनी?” बिलही मे महिन्यात नावापुरतंच, म्हणून त्यांना वर्षभराचे घड्याळाचे सेल जोडून दिले, आणि परिपाठात सोमवारी त्यांचंही नाव. नोव्हेंबर तेवढा कोणी घेईना. तो मी माझ्या वडिलांच्या नावावर घेतला. ते गेले फेब्रुवारीत, पण फेब्रुवारी भरलेला होता आणि वडिलांचं महिन्यांवरून कधी काही अडलं नाही.

मग मी माझं अंदाजपत्रक केलं. त्यात टीव्ही सगळ्यात शेवटी होता. आधी आमच्या मीटरची थोडीशी बाकी होती ती सरकारी अनुदानातून फेडली. मग अर्थिंग, मग नवं वायरिंग. लोक विचारायचे, “बाई, टीव्ही कुठाय?” मी म्हणायचे, म्हैस आणण्याआधी गोठा आणि वैरण बघतोच ना आपण? जुलैमध्ये अध्यक्षांना शिर्डीत एक लॉजवाला भेटला, तो खोल्यांमधले सगळे टीव्ही बदलत होता. झेंडू उतरवून परत येताना टेम्पोत एक टीव्ही आला, त्रेचाळीस इंची, स्वस्तात, दोन पावसाळी चादरींत गुंडाळलेला. पाठीमागे खोली क्रमांक २०४ चं स्टिकर. ते मी काढलं नाही. त्यावर कोणाचंच नाव लिहायचं नाही, असं समितीत ठरलं, आणि नवल म्हणजे कोणी हट्टही धरला नाही. नावं भिंतीवर होती.

त्याच महिन्यात एका शनिवारी शाळा सकाळची होती. सरांनी मला घेतलं आणि आम्ही काष्टीच्या बाजाराला निघालो. थोडं पुढे आल्यावर सर गाडी चालवता चालवता म्हणाले, “आज मीटर काढून नेलं.”

“का?”

“बाकी. उद्घाटनापासून बिल वाढलं, जुनं होतंच. ज्याने टीव्ही दिला त्याच्याकडे गेलो. तो म्हणतो, टीव्ही बी आमीच द्यायचा आन् बिल बी आमीच भरायचं का? दुसरा म्हणतो, माझा फक्त इन्व्हर्टर.” मग म्हणाले, “टीव्हीवर चादर घातली.”

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, हे मी मनात म्हणाले. मी मागे बसले होते, त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं, म्हणून मी मोकळेपणाने हसले. गाडीला आरसा आहे हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

त्या संध्याकाळी मी शिरा केला, काजू घालून. सर म्हणाले, “आज काय सण आहे का?” मी म्हणाले, सहज. ते गुमान खात राहिले. मला वाईट वाटलं का? वाटलं, पण शिरा ढवळताना नाही. ढवळताना मी गुणगुणत होते.

पोळ्याच्या सुमारास एक आई मुलाला हाताला धरून माझ्या शाळेत आली. “बाई, घ्या माघारी. तिकडं टीव्हीवर चादर हाय, आन् व्हॅनला पैसं जात्यात. हितं आमच्या आज्जेसासूचा आक्टोबर हाय, पोरगं हितंच बरं.” मग दुसरी आली. सहापैकी पाच मुलं परत आली. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी मी हजेरी दोनदा मोजली. बावीस. दुसऱ्या शिक्षिकेने आनंदाने टाळी दिली. शाळा राहिली. मी व्हरांड्यात जाऊन ती भिंत बघत उभी राहिले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तालुक्याचं भूषण आपणच आहोत असं वाटलं.

पुन्हा दिवाळीची सुट्टी आली. तेच टेबल. सर फाइल घेऊन बसले. म्हणाले, “तुझे ते बारा महिने आमच्या गावाला समजावून सांगशील का? सुट्टी संपली की बैठक आहे. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.”

मी म्हणाले, बघू. भाव खायची संधी मी सोडत नाही.

“आणि हे नवं अंदाजपत्रक केलंय. फेटे काढलेत.” त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. “बघ जरा, काही राहिलं का?”

मी फाइल उघडली. वर नवा कागद होता, नीट, तुळतुळीत. त्याच्याखाली गेल्या वर्षीचा फुलस्केप. त्याची एक कड पेन्सिलने करडी केलेली होती, हलक्या हाताने, आडवी पेन्सिल धरून. नाण्यावर कागद ठेवून मुलं घासतात ना, तशी. त्या करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उठली होती. लाइट बिल? दुरुस्ती? दर महिन्याला कोण? अक्षर माझं. अख्ख्या तालुक्यात ‘ल’ला अशी शेपटी दुसरं कोणी काढत नाही.

माझे कान गरम झाले. मी विचारलं, “हे कधी घासलं?”

“मीटर नेलं त्या दिवशी.” सर ओट्यापाशीच होते, चहा गाळत. “आपलं काय चुकलं म्हणून जुना कागद काढला. शाळेत दिवे नव्हते, खिडकीपाशी धरला, तर वळ दिसले.”

म्हणजे त्या शनिवारी गाडीवर बसलो तेव्हा त्यांना माहीत होतं. शिरा खाताना माहीत होतं. त्यानंतर तीन-साडेतीन महिने हा माणूस रोज सकाळी मला मागे बसवून माझ्या शाळेपाशी सोडत होता, “सावकाश उतर” म्हणत होता, आणि माझ्या दारातून पुढे आपल्या अंधाऱ्या शाळेत जात होता.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुझी पोरं नेईन असं आधी मीच म्हणालो होतो.” त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं. “या वेळी पेनानं लिही.”

मी वाचलं. लाइट बिल होतं. दुरुस्ती होती. बॅटरी राहिली होती. ती मी पेनाने लिहिली, ठळक, आणि खाली माझी सही केली, कोणी मागितली नव्हती तरी. डोळे भरले होते, त्यामुळे सही रेघेवर बसली नाही.

सरांच्या शाळेत आता महिने लागलेत, दिवे आलेत. पंच्याहत्तर इंची टीव्ही पुन्हा चालू आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. तो मत्सर उतरला. पण त्यांच्या जागी मी असते तर त्याच शनिवारी भर बाजारात कागद नाकासमोर धरला असता, हे मला माहीत आहे. रोज सकाळी मला उतरवून ते पुढे जातात. मी फाटकाशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघते आणि पुन्हा जळते. एवढं मोठं मन या माणसाला मिळालं, आणि मला का नाही?